कानानं शिकायचं इंग्रजी : गावात राहून आयईएलटीएस लिसनिंगची तयारी

मराठी माध्यमातून शिकून पुढे नर्सिंग, शेतकी किंवा इंजिनिअरिंग केलेली मुलं-मुली आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, तेव्हा रीडिंगमध्ये बऱ्यापैकी तरतात आणि लिसनिंगमध्ये अडकतात. सराव पेपर संपल्यावर तोच मजकूर छापील स्वरूपात समोर ठेवला की लक्षात येतं, यातले जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे आहेत. शब्द येत होते, फक्त कानावर पडले तेव्हा ओळखू आले नाहीत. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. जसं लिहिलंय तसं मोठ्यानं वाचायचं, प्रत्येक अक्षराला आवाज द्यायचा, हीच सवय पाचवीपासून लागली. ऑडिओतला माणूस तसं बोलत नाही. त्यामुळे पेपरावर पेपर सोडवून गुण फारसे वाढत नाहीत. आधी कान दुरुस्त करावा लागतो आणि ते काम मेळघाटातल्या गावात बसूनही होतं. त्यासाठी लागतो एक फोन, तारेचा इअरफोन, एक वही आणि रोजचा दीड तास.

परीक्षेत नेमकं काय होतं

लिसनिंगमध्ये चार पार्ट, प्रत्येकी 10 असे एकूण 40 प्रश्न आणि साधारण 30 मिनिटांचा ऑडिओ असतो. तो एकदाच ऐकवतात. अकॅडमिक (मुख्यतः उच्च शिक्षणासाठीचा) आणि जनरल ट्रेनिंग (मुख्यतः नोकरी-स्थलांतरासाठीचा) या परीक्षेच्या दोन्ही प्रकारांत लिसनिंगचा पेपर सारखाच असतो. पहिल्या पार्टमध्ये दोन माणसांचं रोजच्या कामाचं बोलणं असतं, म्हणजे खोली भाड्यानं घेणं, क्लासची चौकशी वगैरे. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या ठिकाणाची किंवा सोयीची माहिती देतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक अभ्यासाबद्दल चर्चा करतात. चौथा पार्ट म्हणजे कॉलेजातलं व्याख्यान, आणि त्यात मध्ये थांबा नसतो. उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनडियन असे मिसळलेले असतात.

कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला 10 मिनिटं मिळतात. कॉम्प्युटरवर ती मिळत नाहीत. तिथं ऐकता ऐकताच टाइप करायचं आणि शेवटी फक्त 2 मिनिटं तपासायला मिळतात. आपण कोणत्या प्रकाराला बसणार हे नाव नोंदवताना ठरतं, तेव्हा सराव पहिल्या दिवसापासून त्याच प्रकारानं करा.

गुणांचा हिशोब साधारण असा : 40 पैकी 16 बरोबर आले तर बँड (निकालावर येणारी श्रेणी) 5, 23 ला 6, 30 ला 7 आणि 35 ला 8. पेपरागणिक एखाद्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे 6 वरून 7 वर जायला सात उत्तरं जास्त बरोबर यावी लागतात. एकूण बँड हा चारही भागांची सरासरी असतो आणि पाव आला तर तो अर्ध्यावर चढवतात. चारही भागांत 6 असेल तर एकूण 6. त्यातलं एकटं लिसनिंग 7 झालं की सरासरी 6.25 येते आणि निकालावर 6.5 दिसतं. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला मात्र सरासरी चालत नाही. तिथं लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 लागतात. नर्सिंगच्या मुलींनी 30 हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि सरावात 33 पर्यंत पोहोचल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नये. परीक्षेच्या दिवशी ताणानं दोन-तीन गुण जातातच.

पायरी पहिली : एक पेपर आणि चुकांची वही

सुरुवातीला एकच पूर्ण पेपर सोडवा. न थांबवता, मागं न नेता. आयईएलटीएसच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न फुकट मिळतात, तिथूनच घ्या. यूट्यूबवर 'ओरिजिनल पेपर' म्हणून फिरणाऱ्या अनेक ऑडिओंची उत्तरपत्रिकाच चुकीची असते, आणि चुकीच्या उत्तरावर कान घासण्यात अर्थ नाही.

गुण मोजल्यावर खरं काम सुरू होतं. चुकलेलं प्रत्येक उत्तर घ्या, ऑडिओ परत ऐका, मजकूर वाचा आणि चूक का झाली ते एका शब्दात लिहा. कारणं पाचच असतात. शब्द ऐकूच आला नाही. शब्द ऐकला पण स्पेलिंग चुकलं. अनेकवचनाचा एस राहिला किंवा शब्दमर्यादा ओलांडली. बोलणाऱ्यानं आधी एक सांगून नंतर बदललं आणि आपण पहिलंच लिहिलं. किंवा एक प्रश्न हुकला आणि त्या नादात पुढचे तीन गेले. 17 चुकांपैकी स्पेलिंग, एस आणि शब्दमर्यादेच्या पाच-सहा निघाल्या, तर ते गुण आठ-दहा दिवसांत मिळवता येतात. 'ऐकूच आलं नाही' या चुका जास्त असतील तर खालची दुसरी पायरी चार आठवडे करायची, त्याला दुसरी वाट नाही.

पायरी दुसरी : रोजचं श्रुतलेखन

त्या पहिल्या पेपरानंतर चार आठवडे पेपर सोडवू नका. अधिकृत जुने पेपर मोजकेच आहेत, ते शेवटासाठी राखून ठेवा. या काळात करायचं ते शाळेतलं श्रुतलेखन.

ऑडिओ असा निवडा की त्याचा लेखी मजकूर मिळेल. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम त्यासाठी चांगले, मजकूर सोबतच असतो. व्हिडिओ घेऊ नका, ऑडिओ उतरवून घ्या. 64 केबीपीएसचा एक तासाचा ऑडिओ साधारण 29 एमबी होतो आणि 128 चा 58. रात्री उशिरा किंवा पहाटे नेटवर्क बरं असताना आठवड्याचा माल एकदाच उतरवून ठेवला की दुपारी टॉवर गेला किंवा लाईन गेली तरी अभ्यास थांबत नाही. फोन तेवढा चार्ज असू द्या. फोनवर व्हीएलसी प्लेयर हे ॲप घ्या. त्यात वेग कमी करता येतो आणि दोन खुणांमधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो.

रोज एकाच मिनिटाचा तुकडा घ्या. पहिल्यांदा तो न लिहिता पूर्ण ऐका. मग एकेक वाक्य थांबवून जे ऐकू आलं ते शब्दन्‌शब्द लिहा. वाक्य जास्तीत जास्त पाच वेळा ऐकायचं. पाचव्यांदाही कळलं नाही तर तिथं आवाज जसा आला तसा देवनागरीत लिहून पुढे जा. वेग शेवटच्या दोन वेळांतच 0.75 वर न्या, आणि नंतर तेच वाक्य पूर्ण वेगानं एकदा ऐकल्याशिवाय सोडू नका. शेवटी मजकूर उघडा आणि लाल पेनानं दुरुस्त करा. एवढ्याला 30 ते 40 मिनिटं लागतात. सुरुवातीला एका मिनिटात पंचवीस-तीस लाल खुणा दिसल्या तरी घाबरू नका.

एक वाक्य जवळून पाहू. कागदावर ते असं आहे : 'यू विल हॅव टू पिक इट अप ॲट द फ्रंट डेस्क बाय क्वार्टर टू फोर'. ब्रिटिश माणसाच्या तोंडून कानावर येतं : 'यूल हॅफ्टू पिकिटप अट्‌द फ्रन्डेस्क बाय क्वॉटटू फॉ'. नवीन विद्यार्थी वहीत लिहितो : 'यू हॅव टू पिकअप फ्रंट डेस्क, क्वार्टर फोर'. यात विल, इट, ॲट, द आणि टू हे बारके शब्द गळाले. त्यातले चार गळाल्यानं फारसं बिघडलं नाही, पण शेवटचा टू गेला आणि पावणेचारचे सव्वाचार झाले. पेपरमध्ये नेमकी तीच वेळ विचारलेली असते. लाल पेनानं तो टू लिहिताना शेजारी आवाजही लिहा, 'क्वॉटटू'. पुढच्या वेळी कान तो तुकडा अख्खा ओळखतो.

शब्द असे एकमेकांत मिसळणं काही इंग्रजीचंच नाही. आपल्याकडे वऱ्हाडीत 'काय म्हणून' याचं 'काऊन' होतं, 'करून राहिला' याचं 'करून रायला' होतं. बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्यालाही अर्थ लागत नाही, आणि आपल्याला त्यात अवघड काही वाटत नाही, कारण आपण ते पुस्तकातून नाही तर घरात ऐकून शिकलो. इंग्रजीचेही असे जोडतुकडे पाठ नसतात करायचे, ऐकायचे असतात : 'फिलिटिन' (फिल इट इन), 'टर्निटॉफ' (टर्न इट ऑफ), 'अनावरनहाफ' (ॲन अवर अँड अ हाफ), 'शुडव' (शुड हॅव), 'गोना' (गोइंग टू).

श्रुतलेखन झालं की तोच एक मिनिट बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगानं तीन वेळा मोठ्यानं म्हणा. लाज वाटत असेल तर शेताच्या धुऱ्यावर जा, पण मनातल्या मनात म्हणू नका. जो आवाज स्वतःच्या तोंडातून निघाला, तो कान दुसऱ्यांदा चुकवत नाही.

सबटायटल लावून इंग्रजी सिनेमे बघणं हा सराव धरू नका. सबटायटल असलं की डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात.

मराठी कानाला नेमकं काय चुकतं

सगळ्यात मोठा घोटाळा 'र'चा. आपण लिहिलेला प्रत्येक र वाजवतो. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन माणूस ज्याच्या नंतर लगेच स्वर येतो तो र तेवढाच वाजवतो, बाकीचा सोडून देतो. कार पार्क 'का पाक' होतं, नॉर्थ 'नॉथ', फार्म 'फाम', वॉटर 'वॉटा'. आपला कान र येईल म्हणून वाट बघत राहतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. अमेरिकन माणूस र वाजवतो, पण दोन स्वरांमधला ट त्याच्याकडे ड सारखा होतो : 'वॉडर', 'थर्डी'. एकच शब्द तीन देशांच्या आवाजात ऐकायची सवय लावा. चांगल्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चारांची बटणं असतात.

दुसरं, आघात. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे पार दबतात. व्हेजिटेबल हा 'वेज्टब्ल' होतो, कम्फर्टेबल 'कम्फ्टब्ल', लॅबोरेटरी ब्रिटिश तोंडी 'लबॉरट्री', फोटोग्राफी 'फटॉग्रफी'. आपण फोटोग्राफर हा शब्द आयुष्यभर 'फो'वर जोर देऊन म्हटला, म्हणून 'फटॉग्रफर' ऐकू आलं की नवाच शब्द वाटतो. ओळखीचा पण वेगळा वाजणारा शब्द सापडला की वहीच्या मागच्या पानावर त्याचा आवाज देवनागरीत लिहा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. दीडशे-दोनशे शब्द जमेपर्यंत हे चालू ठेवा.

तेरा आणि तीस, चौदा आणि चाळीस हा जुना घोळही आघातानंच सुटतो. थर्टीनमध्ये जोर आणि लांबी शेवटी असते, थर्टीमध्ये सुरुवातीला. शेवटचा न ऐकू येईल या भरवशावर राहू नका, पुष्कळदा तो पुढच्या शब्दात जिरतो.

संख्यांची आणखी एक अडचण खास आपली आहे. मराठीत एकक आधी येतो : त्रेचाळीस म्हणजे तीन आणि चाळीस. इंग्रजीत दशक आधी. 'फॉर्टी थ्री' ऐकून मनात त्रेचाळीस म्हणायचं आणि मग लिहायचं, या फेऱ्यात 43 चे 34 होतात. त्यामुळे संख्या मराठीत वळवू नका. 'फॉर्टी' ऐकू येताच 4 लिहा, 'थ्री' येताच 3. लाखाचंही तसंच. तिकडे लाख नाही. 'हंड्रेड अँड ट्वेंटी थाउजंड' म्हणजे 1,20,000 आणि एक मिलियन म्हणजे 10 लाख. आवाजाच्या क्रमानं आकडे लिहीत जा, हिशोब नंतर करा.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठीच कामाला येते. पावणे, सव्वा, साडे हे आपल्याकडे तयार आहेत. 'क्वार्टर टू फोर' म्हणजे पावणेचार, 'क्वार्टर पास्ट' म्हणजे सव्वा, 'हाफ पास्ट एट' म्हणजे साडेआठ. ब्रिटिश माणूस कधी नुसतं 'हाफ एट' म्हणतो, तेही साडेआठच, साडेसात नव्हे. 'फोर्टनाइट' म्हणजे पंधरवडा.

अक्षरांचा सराव वेगळा करा, कारण पहिल्या पार्टमध्ये नाव किंवा रस्ता अक्षरं सांगून लिहायला लावतात. ब्रिटिश 'आर' नुसता 'आ' ऐकू येतो. ऑस्ट्रेलियन 'ए' आपल्याला 'आय' वाटतो. 'एच'ला काही जण 'हेच' म्हणतात. झेडला अमेरिकन 'झी' म्हणतो, आणि तो 'सी' किंवा 'जी' समजून लिहिला जातो. बी, पी, डी, टी, ई, व्ही हे सगळे एका जातीचे वाजतात, एम आणि एन तसेच, एफ आणि एस तसेच. फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात. आपला पिनकोड सहा आकड्यांचा, ब्रिटनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. रोज दहा मिनिटं कुणाकडून तरी दहा नावं आणि दहा नंबर वाचून घ्या. धाकटी बहीण नववीत असेल तर ती हे काम छान करते, आणि तिचाही अभ्यास होतो.

राहिला एस. मराठीत अनेकवचनाला शेवटी एस लागत नाही, म्हणून कान तो शोधतच नाही. इथं व्याकरणाचा आधार घ्या. रिकाम्या जागेआधी 'अ' किंवा 'ॲन' असेल तर एकवचन. आकडा, 'मेनी', 'सेव्हरल' किंवा 'आर' असेल तर अनेकवचन. ऑडिओ सुरू होण्याआधीच त्या जागेशेजारी बारीक खूण करून ठेवा.

पायरी तिसरी : प्रश्नपत्रिका आधी वाचायची कशी

पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रश्नांच्या प्रकारांकडे वळा. प्रत्येक तुकड्याआधी प्रश्न बघायला थोडा वेळ देतात. त्यात सगळे शब्द वाचून होत नाहीत, वाचूही नका. आधी शब्दमर्यादा बघा. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं असताना तीन लिहिले तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो. 'इन द' छापलेलं असेल आणि तुम्ही परत 'द गार्डन' लिहिलं, तर एका शब्दाच्या मर्यादेत तेही चूक. मग प्रत्येक जागेत काय येईल याचा अंदाज करा : दिवस, पैसे, माणूस, वस्तू की क्रियापद. तो अंदाज एका अक्षरानं शेजारी लिहिला की झालं.

पर्याय निवडायच्या प्रश्नांत सापळा असतो. पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर लगेच टिक करू नका. बरोबर उत्तर बहुधा वेगळ्या शब्दांत येतं. पर्यायात 'चीप' असेल तर ऑडिओत 'इट वोन्ट कॉस्ट यू मच' येतं.

बदललेल्या उत्तराचा नमुना बघा. प्रश्न आहे, सोमवारपासून केंद्र किती वाजता उघडेल. ऑडिओत येतं : 'वी युज्वली ओपन ॲट नाइन, बट फ्रॉम मंडे इट्स गोइंग टू बी हाफ पास्ट एट'. 'नाइन' आधी येतो आणि घाईतला हात तो लिहून मोकळा होतो. उत्तर साडेआठ. 'युज्वली', 'नॉर्मली', 'युज्ड टू', 'आय थॉट' हे शब्द आले की थांबा, पुढे 'बट', 'ॲक्च्युअली', 'सॉरी' किंवा 'इन्स्टेड' येणार. पहिला आकडा हलक्या हातानं लिहा आणि वाक्य संपेपर्यंत पक्का करू नका.

नकाशाचा प्रश्न पुष्कळांना जड जातो, पण त्याचा सराव गावातच होतो. कागदावर गावाचा नकाशा काढा : एसटी थांबा, ग्रामपंचायत, शाळा, पार, आठवडी बाजाराची जागा, विहीर. निम्म्या जागांची नावं खोडून तिथं ए, बी, सी लिहा. मित्राला थांब्यापासून इंग्रजीत रस्ता सांगायला लावा आणि तुम्ही अक्षर ओळखा. 'अपोझिट', 'नेक्स्ट टू', 'ॲट द फार एंड', 'जस्ट बिफोर', 'बियाँड', 'ऑन योर लेफ्ट ॲज यू एंटर' हे शब्द पायाखालच्या वाटेला जोडले गेले की विसरत नाहीत. परीक्षेत नकाशा दिसताच आधी दोन गोष्टी शोधा : बोलणारा उभा कुठं आहे आणि उत्तर दिशा कुठं आहे.

तिसऱ्या पार्टमध्ये कोणाचं मत काय हे विचारतात. 'आय सपोज सो' म्हणजे नाइलाजानं हो. 'आय वुडन्ट गो दॅट फार' म्हणजे नाही. 'नॉट नेसेसरिली' म्हणजेही जवळपास नाहीच. 'यू कॅन से दॅट अगेन' म्हणजे अगदी बरोबर, 'पुन्हा बोल' असा त्याचा अर्थ नाही.

चौथ्या पार्टमध्ये शेतीच्या घरातल्या मुलांनी एक सांभाळावं. विषय कापूस, माती, पाणी, किडी असा ओळखीचा निघाला तर हायसं वाटतं आणि कान सैल होतो. बोंडअळीबद्दल तुम्हाला व्याख्यात्यापेक्षा जास्त माहीत असेलही, पण उत्तर त्यानं जे म्हटलं तेच लिहायचं आहे. आपल्या माहितीनं जागा भरली की गुण जातो.

उत्तर हुकलं तर तिथं एक आडवी रेघ मारा आणि पुढच्या प्रश्नावर जा. बोलणारा 'नाऊ', 'मूव्हिंग ऑन', 'टर्निंग टू', 'फायनली' म्हणाला की तो नव्या मुद्द्यावर गेला असं समजा आणि कागदावर तिथं पोहोचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही जागा कोरी ठेवायची नाही.

स्पेलिंग आणि टायपिंग

स्पेलिंग चुकलं की गुण शून्य. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही पद्धती चालतात. पुन्हा पुन्हा येणारे शब्द थोडेच आहेत, ते असे लक्षात ठेवा : अकॉमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम. एन्व्हायर्नमेंटमध्ये एमच्या आधी एन. गव्हर्नमेंटमध्ये आरनंतर एन. सेपरेटच्या मधोमध ए. कॅलेंडरच्या शेवटी ए-आर. क्वेश्चनेअरमध्ये दोन एन. फेब्रुवारीत पहिला आर, वेन्झडेमध्ये न वाजणारा डी. रिसीटमध्ये न वाजणारा पी. चुकांच्या वहीत जो शब्द दुसऱ्यांदा येईल तो पाच वेळा लिहा. कागदावरच्या परीक्षेत सगळी उत्तरं कॅपिटलमध्ये लिहिली तरी चालतात, आणि ते बरंच, लहान-मोठ्या अक्षराचा प्रश्न मिटतो.

कॉम्प्युटरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी आजच फोनच्या कीबोर्डमधली शब्द सुचवण्याची आणि आपोआप दुरुस्तीची सोय बंद करावी. वर्षानुवर्षं फोननं आपलं स्पेलिंग दुरुस्त केलंय, परीक्षेच्या पडद्यावर लाल रेघ येत नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर तालुक्याच्या एमएससीआयटी केंद्रात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून तीन दिवस तासभर खऱ्या कीबोर्डवर बसा. आधी ऐकून कागदावर आणि मग टाइप, असं करू नका, वेळ पुरत नाही. कान ऑडिओवर आणि बोटं कीबोर्डवर, हे एकत्र जमायला साधारण दोन आठवडे जातात. या अडचणीमुळे गेलेले गुण बरेच जण कानाच्या नावावर टाकतात.

पायरी चौथी : पूर्ण पेपर

सातव्या आठवड्यापासून आठवड्याला दोन पूर्ण पेपर. ज्या वेळेला परीक्षा आहे त्याच वेळेला बसा. पहिले दोन शांत खोलीत सोडवा, नंतरचे मुद्दाम आवाजात. शेजारी चक्की चालू असेल, बाहेर ट्रॅक्टर जात असेल तर जाऊ द्या. परीक्षेच्या हॉलमध्येही बाजूच्याचा कीबोर्ड वाजतो, कुणी खोकतं. एक पेपर सोडवायला अर्धा तास आणि तो तपासून चुकांच्या वहीत लिहायला दीड तास, हे प्रमाण मोडू नका. श्रुतलेखन रोज पंधरा मिनिटं चालूच ठेवा.

लागोपाठ तीन पेपर एकाच आकड्यावर अडकले तर चौथा सोडवू नका. वही उघडा, कोणतं कारण सगळ्यात जास्त वेळा आलंय ते मोजा आणि एक आठवडा फक्त त्यावर घाला.

परीक्षेचा दिवस

ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट लागतो, आधार किंवा झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट निघायला वेळ लागतो, तेव्हा तयारी सुरू करतानाच अर्ज करा. गडचिरोली, मेळघाट किंवा यवतमाळच्या आतल्या तालुक्यांतून निघणाऱ्यांनी परीक्षेच्या शहरात आदल्या दिवशीच मुक्कामाला जावं. पहाटेच्या एसटीत पाच तास बसून आलेला कान पहिल्याच पार्टमध्ये थकलेला असतो.

कॉम्प्युटरवर हेडफोनचा आवाज सुरुवातीलाच जुळवून घ्या. गैरसोय असेल तर परीक्षा सुरू होण्याआधी हात वर करून सांगा, नंतर सांगून उपयोग होत नाही. शेवटच्या 2 मिनिटांत क्रम असा ठेवा : आधी कोऱ्या जागा भरा, मग एस बघा, मग शब्दमर्यादा, मग स्पेलिंग. पर्यायांची उत्तरं त्या वेळी बदलत बसू नका.

निकाल दोन वर्षं चालतो. बाकी तीन भाग जमले आणि फक्त लिसनिंग राहिलं, तर कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत तेवढाच एक भाग पुन्हा देता येतो. त्याला वन स्किल रिटेक म्हणतात. पण सगळी विद्यापीठं आणि संस्था तो निकाल मानत नाहीत. जिथं अर्ज करायचा आहे तिथं आधी ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्या, आणि मगच पैसे भरा.